दुखायचं थांबलं तेव्हा

आमचे हे बस चालवायचे. खालची दाढ ठणकायला लागली तेव्हा आठ दिवस त्यांनी गाल दाबून काढले. नवव्या दिवशी ब्रेक मारताना डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा कुठे दातांच्या दवाखान्याची पायरी चढले.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. "कीड पार शिरेपर्यंत पोचलीय. आज सडलेली शीर काढते, आत औषध घालते आणि वरून कच्चं सिमेंट लावते. पुढच्या आठवड्यात मुळांच्या नळ्या पूर्ण साफ करून कायमचं भरायचं, मग टोपी. अर्ध्यावर सोडू नका."

ह्यांनी मान डोलावली. खुर्चीचे हात आवळून आवळून तळवे ओले झाले होते. घरी आलो, बधिरपणा उतरला आणि दुखणं गायब! पोटभर जेवले, वर म्हणाले, "मेलेल्या दाताला काय दुखणार?"

पुढच्या आठवड्यात नेमकी दवाखान्याच्या दिवशीच माझी शिवलेले गणवेश पोचवायची गडबड. गठ्ठे जड, मला एकटीला उचलेनात. मी म्हटलं, "अहो, दुखत तर नाहीये ना? मग आजचं राहू द्या."

"बरं," ते लगेच म्हणाले.

त्यानंतरचाही आठवडा गेला, मग विषयच निघेना. कच्चं सिमेंट एक दिवस घासाबरोबर पोटात गेलं, तेही हसण्यावारी नेलं.

दोन महिन्यांनी हनुवटीखाली सूज आली. गोळ्या खाऊन दोन दिवस बस चालवली. तिसऱ्या सकाळी तोंड उघडेना, थुंकी गिळवेना. श्वास घेताना घशातून घरघर यायला लागली आणि ते माझा हात सोडेनात. इस्पितळात गळ्याला भोक पाडून नळी घातली, मानेतून पू काढला, दाढ उपटली. पंधरा दिवस ते वहीत लिहून बोलत होते.

वाचले. पण आवाज बसला तो बसलाच, आणि तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. आता डेपोत सुटे भाग मोजून देतात.

महिन्याने डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी विचारलं, "दुखत नव्हतं हो, मग असं कसं झालं?"

"शीर गेली की दुखणं कळत नाही. जंतू मुळांच्या नळ्यांत शिल्लक होतेच. झाकण निघाल्यावर आणखी शिरले."

"मीच थांबवलं होतं त्यांना."

त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

जिन्यात हे थांबले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "अगं, मला त्या सुईची धास्तीच होती. तू राहू द्या म्हणालीस, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं."

हे खरं, की माझी समजूत घालायला म्हणाले, ते मी अजून विचारलेलं नाही. घरी येऊन त्यांचं जेवण पातळ केलं आणि चमचा पुढे धरला.