तांड्याचं रक्त

सन छत्तीसचा उन्हाळा. रिठदच्या पारावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक फिरता बाबा, पुढ्यात हळदीच्या पाण्याचं ताट. त्यानं गावातल्या रुख्मिणीच्या लेकराची टाळू त्या पाण्यानं पुसली. पाणी पिवळंच राहिलं. मग त्यानं निवांत पान लावलं, खाल्लं आणि तांड्यावरच्या चंदाबाईचं सात दिवसांचं बाळ पुढे घेतलं. त्याच ताटात बोटं बुडवली. पाणी लालभडक झालं.

"तुमच्या तांड्याचं रक्तच नासलं," बाबा म्हणाला. "बकरं द्या, बदलून देतो."

लोकांनी माना डोलावल्या. गावात लेकरं जगत, तांड्यावर मरत. चंदाबाईची आधीची दोन लेकरंही जन्मल्यावर आठवडाभरातच गेली होती. तिचा नवरा हरिसिंग बकरं घेऊनच आला होता.

रुख्मिणीला पाहायला आलेली वाशीमची नर्स गोमतीबाई मागे उभी होती. बाबानं पान लावल्यावर हात धुतला नव्हता, हे तिनं पाहिलं होतं. ती पुढे झाली आणि बाबाच्याच झोळीजवळचं लिंबू तिनं ताटात पिळलं. पाणी पुन्हा पिवळं झालं. मग तिनं रामकिसन पाटलांना चुन्याचं बोट बुडवायला सांगितलं. पाणी लाल.

"पाटील, तुमाले बी बकरं लागते आता," कुणीतरी म्हणालं. हशा पिकला. बाबानं झोळी उचलली.

हरिसिंग हसला नाही. "मंग आमचेच काहून मरून राह्यले, बाई?"

गोमतीबाईनं बाळाचं फडकं सोडलं. नाळ विळ्यानं कापलेली, वर शेणाची राख. बाळाचा जबडा घट्ट मिटलेला, पाठ ताठ. कालपासून त्यानं दूध ओढलं नव्हतं. धनुर्वात. तिच्या पेटीत यावर काहीच नव्हतं.

"रक्त सारखंच आहे," ती म्हणाली. "रुख्मिणीची नाळ मी उकळलेल्या कात्रीनं कापली. विळ्याला, राखेला रोगाचे जंतू असतात. गावची गाडी मला न्यायला येते, तांड्याची कधी आली नाही. अन् चार वर्षांत मी आपणहून तांड्यापर्यंतचा अर्धा कोस चालले नाही."

"याले वाचवा," चंदाबाई म्हणाली.

"याला उशीर झाला, बाई."

चंदाबाई त्या मिटलेल्या तोंडाला पदराआडून पाजत राहिली.

गोमतीबाई लोकांकडे वळली. "पुन्हा कुणी रक्ताचं बोललं, तर नाळ कशानं कापली ते आधी विचारा. सुईणीची कात्री उकळा, राख लावू नका. एवढंच आहे. याच्यात चमत्कार नाही."

मग तिनं पेटी उचलली आणि हरिसिंगला तांड्याची वाट विचारली.