बिहीला जामीन

नवरोजच्या आधी, घराघरांतून धुणंपुसणं चाललेलं असताना, बाबा अंगणातल्या बिहीच्या (सफरचंदाच्या जातीचं पिवळं, तुरट फळ) झाडाला ठार मारायची धमकी द्यायचे.

त्या दिवशीही दिली. सकाळी दाढी केली, जुना काळा कोट चढवला (कुणाचा जीव घ्यायला जाताना माणसानं नीटनेटकं असावं, असं त्यांचं मत होतं) आणि कुऱ्हाड घेऊन झाडासमोर उभे राहिले. मी पायरीवर बसून नवरोजसाठी ताटात उगवायला घातलेल्या गव्हावर पाणी शिंपडत होते आणि माझी वेळ येण्याची वाट बघत होते.

फळ न देणाऱ्या झाडाला आमच्याकडे असंच वठणीवर आणतात. एकानं कुऱ्हाड उगारायची. दुसऱ्यानं आडवं यायचं आणि जामीन राहायचं: या खेपेला सोडा, पुढच्या हंगामात फळ देईल, मी जबाबदार. मग कुऱ्हाड खाली येते. झाड घाबरतं, थोडं लाजतंही, आणि पानगळीच्या आधी फळांनी लगडतं. निदान इतरांच्या अंगणात लगडतं.

“लाज आहे का तुला?” बाबांनी झाडाला विचारलं. “हैदरचं झाड बघ. तो त्याच्या मुळाशी भांड्यांचं पाणी ओततो. त्याची शेळी तिथेच बसते, तिथेच सगळं उरकते. आणि फळं एवढी की फांदीला टेकू द्यावा लागतो! तुला मी या हातांनी खत घातलं. बोल की!”

झाड काही बोललं नाही. भिंतीपलीकडून शेजारचा मश हैदर बोलला.

“उस्ताद, जरा हळू. माझं झाड हळवं आहे.”

“हैदर, तू तुझी शेळी सांभाळ.”

“तीही हळवी आहे.”

बाबांना उस्ताद म्हणत ते द्राक्षवेलींमुळे. त्यांच्यासारखी वेलीची छाटणी करणारा माणूस आमच्या डोंगरात दुसरा नव्हता. बागाईतदार त्यांना न्यायला गाडी पाठवायचे. बाबा काडीवर दोन डोळे ठेवायचे आणि वरचं सगळं उडवायचे. वेल वर्षभर त्यांचे उपकार फेडत राहायची. अडचण एवढीच होती की बिही ही द्राक्षवेल नाही. तिचं फूल गेल्या वर्षीच्या काडीच्या शेंड्याकडून निघणाऱ्या कोवळ्या फुटव्यावर येतं. शेंडे उडवले की फुलं गेली, राहिली नुसती पानं. बाबा दर हिवाळ्यात त्या झाडाची अशी हजामत करायचे की लष्करात नुकताच भरती झालेला पोरगा वाटावा. आणि नवरोजच्या तोंडावर कोट घालून त्यालाच विचारायचे, फळ कुठे आहे?

मश हैदर आपल्या झाडाला हात लावत नसे. आळस हेच त्याचं शेतीशास्त्र होतं आणि ते अचूक होतं.

हे सगळं मला माहीत होतं. मी बोलले नव्हते. आमच्या घरात बाबा चुकत नसत. मागची भिंत पडली तेव्हा भिंत चुकली होती. माझं लग्न मोडलं तेव्हा मुलगा, मुलाचे काका आणि त्या वर्षीची थंडी अशी तिघं चुकली होती. त्यातून आणखी एक गोष्ट होती. मी जामीन राहिले की बाबा कुऱ्हाड खाली घेत आणि झाडाला म्हणत, “हिच्या शब्दावर सोडतोय. तुझ्या तोंडाकडे बघून नाही.” मी मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते, घरात भिंतभर पुस्तकं आहेत, पण माझ्या शब्दावर बाबा काही सोडत असतील तर ते वर्षातून एकदा ते झाड.

तर बाबांनी कुऱ्हाड उगारली. मी हात पुसून उठले. तेवढ्यात फाटक उघडलं आणि अम्मे कौकब, बाबांची थोरली बहीण, खांद्यावर गालिचा घेऊन आत आली.

“नुसरत!” तिनं बाबांना हाक मारली. “नदीत पाणी नाही, नळाला पाणी नाही, तुझ्या हौदात आहे. हा गालिचा धुवायचाय. आणि हे काय, अजून तुमची नाटकं चालूच?”

“आबजी, जरा थांब. फरंगीस जामीन राहतेय.”

“ही?” अम्मेनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हिला कोण जामीन राहणार? अंगणात दोन झाडं, दोघंही वांझोटी.”

बाबांनी कुऱ्हाड हळूच खोडाला टेकवून ठेवली. “दे तो गालिचा,” ते म्हणाले. “तुझी जीभही बुडवू का त्यात? तेवढाच साबण वाचेल.”

मग दोघं भावंडं पायजमे वर खोचून दुपारभर गालिच्यावर नाचली. अम्मे शिव्या देत होती, बाबा तिच्यावर पाणी उडवत होते. मी चहा केला. ऊन कललं तेव्हा मी म्हटलं, “बाबा, झाडाचं राहिलं.”

“उद्या,” ते म्हणाले. “एक रात्र भीतीत काढू दे. अंगी लागते.”

सकाळी बाबा उठले नाहीत.

दफनाबद्दल मी लिहिणार नाही. नंतरचं लिहिते, कारण नंतरचं सगळं जेवणाभोवती होतं आणि त्याबद्दल लिहिता येतं. मशिदीत प्रवचनकारानं बाबांच्या सहनशीलतेची तारीफ केली. तो त्यांना कधी भेटला नव्हता हे उघडच होतं. ज्या बागाईतदाराला बाबांनी एकदा त्याच्याच वेलीसमोर गाढव म्हटलं होतं तो सर्वांत मोठ्यानं रडला आणि हलव्याच्या दोन बशा घरी घेऊन गेला. बायकांनी मला सांगितलं की मी नशीबवान आहे, त्यांना त्रास झाला नाही. माझं नशीब अशा रीतीनं पहिल्यांदाच गावाच्या नजरेत भरलं.

सातव्या दिवशी झाडाचा विषय निघाला. कुऱ्हाड अजून खोडाला टेकलेली होती. मी ती हलवली नव्हती. एका म्हाताऱ्यानं ती पाहिली आणि तोंडातला खजूर बाजूला सारून विचारलं, “धमकी देऊन झाली होती का?”

“झाली होती,” अम्मे म्हणाली.

“जामीन कोण राहिलं?”

“कुणीच नाही. माझा गालिचा मध्ये आला.”

नियम सगळ्यांना पाठ होता. धमकी दिली आणि कुणी जामीन राहिलं नाही, तर झाड कापावंच लागतं. नाहीतर बातमी फुटते, आणि मग गावातली उरलेली झाडं माणसाला विचारत नाहीत.

“मी राहते जामीन,” मी म्हणाले. “आत्ता.”

“कुणापुढे?” अम्मेनं विचारलं. टोमणा नव्हता, ती खरंच दुःखानं विचारत होती. “कुऱ्हाड उगारणारा मातीखाली आहे, पोरी. सोडणारा नसेल तर जामीन घेणार कोण? नुसरतचा शेवटचा शब्द तो. तो पोकळ ठरू द्यायचा?”

त्यावर माझा भाऊ सियामक पुढे आला. सियामक इस्फहानला इंजिनियर आहे. झाडं घाबरतात यावर त्याचा विश्वास नाही, आणि गेली कित्येक वर्षं हे तो सणासुदीला येऊन आम्हाला समजावत असे. त्याची नवी गाडी गल्लीत उभी होती आणि तिच्यावर कोंबड्या चढत होत्या. त्यानं झाडाकडे पाहिलं, मग फाटकाकडे, मग परत झाडाकडे, अगदी शिंपी गिऱ्हाइकाकडे बघतो तसं.

“परंपरा जपली पाहिजे,” तो म्हणाला. “चाळिसाव्या दिवशी सगळे असतील. तेव्हा कापू.”

संध्याकाळी मी भिंतीशी जाऊन मश हैदरला हाक मारली.

“मशजान, झाडाचा दोष नाही. तुम्हाला माहीत आहे ना का फळ येत नाही ते?”

“गावाला माहीत आहे,” तो म्हणाला. “उस्तादांनी हिवाळ्यात कात्री उचलली की मी घरात जायचो. बघवायचं नाही. माझी शेळीसुद्धा झाडाचं एवढं खात नाही.”

“मग कुणी सांगितलं का नाही?”

“उस्तादांना? माझ्या वेली त्यांनी फुकट छाटून दिल्या, कधी चहाच्या वर काही घेतलं नाही. आणि मी भिंतीवरून डोकं काढून म्हणू, उस्ताद, तुमचे हात चुकतायत?” त्यानं शेळीला भिंतीपासून दूर ढकललं. “एकदा आडून सांगितलं होतं. म्हटलं, बिही म्हणे न छाटलेली बरी. ते म्हणाले, हैदर, आळशी माणसाला देवसुद्धा कारण पुरवतो.”

“चाळिसाव्याला सांगाल?”

“त्यांचाच हलवा तोंडात घेऊन?” त्यानं मान हलवली. “तू सांग. तू मुलगी आहेस. तुला माफ करतील. बहुतेक.”

मी घरात आले. सियामकनं थडग्याच्या दगडाचा नमुना भिंतीला टेकवून ठेवला होता: वर बाबांचं नाव, खाली ‘छाटणीचे उस्ताद’, आणि त्याखाली कोरायची कात्री, द्राक्षाच्या घोसासकट. बाबांजवळ एवढंच होतं. वीतभर अंगण, एक काळा कोट आणि हे दोन शब्द. झाड वाचवायचं तर त्या दोन शब्दांवर सगळ्या गावासमोर हात टाकायचा होता, आणि तो मी टाकायचा होता. मी आठवडेच्या आठवडे दुसरी वाट शोधली. सियामकला म्हटलं, सावलीसाठी ठेव. तो म्हणाला, पत्र्याची शेड घालू, गाडीही सावलीत राहील. अम्मेला म्हटलं, बाबांनी लावलेलं आहे. ती म्हणाली, म्हणूनच त्यांच्या हातचं मरण त्याला मिळू दे. शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं की झाडाच्या नावानं एक मेंढा कापावा. इतिहास शिकवताना मी मुलींना सांगते की माणसं खरं बोलण्यापूर्वी बाकीचे सगळे उपाय करून बघतात. त्या ते वहीत उतरवून घेतात.

चाळिसाव्याला अंगण भरलं. केशरी भात झाला, वाटाण्या-घेवड्याचा रस्सा झाला, हलवा झाला. झाडानं भरभरून पानं काढली होती, मऊ, खालून लवदार, एकही फूल नसलेली. सियामकनं शहरातून भाड्यानं विजेची करवत आणली होती. तिची वायर झाडापर्यंत पोचेना.

“कुऱ्हाडीनंच,” अम्मे म्हणाली. “धमकी कुऱ्हाडीची होती. झाडाला फसवू नये.”

सियामकनं कोट काढून कुणाच्यातरी हातात दिला आणि कुऱ्हाड उचलली. त्यानं ती उलटी धरली होती. मश हैदरनं जाऊन त्याच्या हातात सुलटी करून दिली, आणि माझ्याकडे न बघता परत आपल्या जागी जाऊन बसला. म्हाताऱ्यांनी दुवा पुटपुटला. अम्मे रडू लागली, आणि ते रडणं खरं होतं. गालिच्याच्या दुपारच्या तिच्या शिव्यांइतकंच खरं.

मी झाडाच्या आणि सियामकच्या मध्ये जाऊन उभी राहिले.

“बाजूला हो,” तो हळूच म्हणाला. “लोक बघतायत.”

“फरंगीस, पोरी,” अम्मे म्हणाली, “जामीन आता चालत नाही. सांगितलंय तुला.”

“मी जामीन राहत नाहीये,” मी म्हणाले. “जामीन गुन्हेगाराला लागतो. झाडानं काही केलेलं नाही.”

“मग कुणी केलं?” म्हाताऱ्यांतून कुणीतरी विचारलं. ज्याला उत्तर पक्कं माहीत होतं अशाचाच आवाज होता तो. सगळ्यांच्याच हातातल्या बशा थांबल्या होत्या. हैदर जमिनीकडे बघत होता.

आवाज मला वाटला होता त्याहून मोठा निघाला.

“बाबांनी,” मी म्हणाले. “त्यांना वेल छाटता यायची, बिही नाही. येणारी फुलं दर हिवाळ्यात तेच कापून टाकायचे. बाबा चुकत होते. माझे बाबा दर वर्षी चुकत होते.”