राखाडी चेहरा

नोएडातल्या एका लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटच्या ऑफिसात संपदा प्रोग्रॅमर होती. मुलामुलींचे फोटो डेटाबेसमध्ये ठेवलेले असत. कुणी फोटो उघडायला गेलं की संपदाचा प्रोग्रॅम आधी कोण मागतंय ते बघे. परवानगी असली तर फोटो पाठवी, नसली तर नाकडोळे नसलेला एक राखाडी चेहरा.

२००१ साली तिच्या बाबांनी, केंद्र सरकारच्या नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या दत्तात्रयांनी, तिचंच नाव तिथे नोंदवलं. "घरचंच दुकान आहे, चलो!" संपदाला इतक्यात लग्न करायचं नव्हतं. तसं ती एकदा म्हणाली, तर बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत. आई गेल्यापासून त्यांचा उतरलेला चेहरा तिला बघवत नसे. मग कुंपणानंच शेत खाल्लं. तिनं प्रोग्रॅममध्ये गुपचूप एक अट घातली: आपला फोटो बाबांनी मागितला तर खरा द्यायचा, बाकी साऱ्या जगाला राखाडी चेहरा.

सहा महिने एकही स्थळ आलं नाही. बाबा रोज सकाळी मोडेमची किरकिर ऐकत बसत. फोटो हळूहळू वरून खाली उतरे आणि ते पुटपुटत, "एवढी गोड पोर! लोकांचे डोळे फुटलेत का?" संपदाला मेल्याहून मेल्यासारखं होई. पण अट काही तिनं काढली नाही.

एका शनिवारी बाबा जवळजवळ नाचतच स्वयंपाकघरात आले.

"फरिदाबादचं स्थळ! उद्याच येतो म्हणतात. लिहिलंय, फोटो दिसला नाही, पण हल्ली फोटो न मिरवणारी मुलगी मिळते कुठे? अच्छा, पण दिसला नाही म्हणजे काय? मला तर बिल्कुल साफ दिसतो!"

आत्ता बोललं नाही तर संपलंच, हे संपदाला कळलं.

"बाबा, तो मीच लपवलाय. तुम्हाला सोडून कुणालाच दिसत नाही. मला हे नको होतं."

बाबांचे डोळे भरून आले.

"अगदी आईवर गेलीस. तीसुद्धा कुणाला फोटो काढू द्यायची नाही."

आणि ते तडक फोनकडे गेले. "हॅलो, अहो, फोटो तिनंच लपवला होता! स्वतः! हो, हो, उद्या अकराला याच."

"बाबा, मला लग्नच नकोय," ती दारातून म्हणाली.

त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. इतकं हसताना तिनं त्यांना आई गेल्यापासूनच्या दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. "काय म्हणालीस गं?"

"काही नाही," संपदा म्हणाली. "घरातले पोहे संपलेत."