जिवंतपणी भिंतीवर

मेलेल्यांच्या फोटोंशी बोलायची कारारैनाला जन्माची सवय. कुळाच्या सभाघराच्या भिंतीवर तिचा नवरा होआनी होता, सासू होती, सासूची सासूही होती, आणि आत शिरल्यावर सगळ्यांची विचारपूस केल्याशिवाय ती बूड टेकत नसे. पण भिंतीवर आपल्यालाच टांगलेलं असेल तर काय बोलायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

वायरोआ गावात नदीकाठच्या जुन्या लोकरीच्या गोदामात फोटोंचं प्रदर्शन लागलं होतं. नाव होतं ‘ज्यांच्यासाठी आपण रडतो’. कुणीही यावं, ज्याच्यासाठी जीव तुटतो त्याचा फोटो द्यावा, सगळ्या गावाचं दुःख एका भिंतीवर. कल्पना ब्रॉन्विनची. पोरगी गोरी, वेलिंग्टनहून आलेली, कामाला वाघीण. पण आपल्या लोकांत कुणाला काय विचारायचं असतं, हे अजून तिच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. कारारैना आणि तिची नणंद मेरेआना काळे कपडे घालून, डोक्याला शोकाची हिरव्या पानांची वेटोळी बांधून आल्या होत्या. एवढे मेलेले एका जागी जमलेत म्हटल्यावर कसंही जाऊन चालतं का?

मेरेआनाने रीतीप्रमाणे दारातूनच मृतांना हाक घातली. बाईचा गळा खणखणीत, डोळ्यांत मात्र मोतीबिंदू. एकेका फोटोला भेटीच्या रीतीने नाक टेकवत, रडत ती पुढे सरकत होती. खिडकीजवळच्या फोटोपाशी तिने वरचा सूर लावला, “जा गं बाई, जा, आपल्या माणसांत जा...” आणि नाक टेकवता टेकवता थबकली.

“वहिनी, ही तू आहेस.”

कारारैना जवळ गेली. तीच होती. काळं लुगडंसं गुंडाळलेलं, डोक्यावर पानं, सभाघराच्या ओसरीवर उभी, एक हात अर्धा वर.

“मी कधी मेले?”

“मला काय विचारतेस?” मेरेआनाने तिचा दंड चाचपला. “गरम लागतेस. मला मेलीला फुकट रडवलंस!”

कारारैनाला हसू आलं आणि लगेच विरलं. जिवंत माणसाचा फोटो मेलेल्यांत कुणी लावत नाही. वैऱ्याचासुद्धा नाही. आत आलेल्या दोघी बायका फोटोकडे बघून, मग तिच्याकडे बघून, छातीवर हात ठेवत मागे सरकल्या. आता तिनं त्यांना नमस्कार करायचा की त्यांनी तिच्यासाठी रडायचं?

ब्रॉन्विन धावत आली. “काही चुकलं का?”

“चुकलं?” मेरेआना कडाडली. “अगं बाई, धडधाकट बाईला टांगलंस!”

ब्रॉन्विनचा चेहरा पांढराफटक पडला. “तो म्हणाला, माझी आई आहे. त्याला इतकं रडू येत होतं, की मी पुढे विचारलंच नाही.”

“तो कोण?”

“टिपेने. नेपियरहून आला होता.”

हे नाव सहा वर्षांत कारारैनाच्या घरात कुणी काढलं नव्हतं. होआनी गेला तेव्हा तिचा मुलगा टिपेने ऑस्ट्रेलियात खाणीवर कामाला होता. लगेच निघाला, पण विमानातून उतरल्यावर गावाकडचा रस्ता दरड कोसळून बंद. भर उन्हाळा, प्रेत ठेवून तिसरा दिवस. वडीलधाऱ्यांनी विचारलं, शवपेटीचं झाकण लावायचं का? तिने हो म्हणून मान हलवली. पोरगा पोचला तेव्हा वर माती पडत होती. “आई, घटकाभर थांबली असतीस,” एवढंच म्हणाला. जाताना गाडीतून त्याने तिचा हा फोटो काढला होता. तो हात आपण थांब म्हणायला उचलला होता की चालता हो म्हणायला, हे आता तिचं तिलाच आठवेना.

आणि जिवंत माणसाला असं टांगत नाहीत, हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. त्याच सभाघरात लोळून मोठा झालेला पोर. शाप म्हणावा, तर रडतो कशाला? माया म्हणावी, तर मेलेल्यांत टांगतो कशाला? सहा वर्षं तोंड दाखवलं नाही, आता नेपियरला, दोन तासांच्या वाटेवर राहून हा माझ्या नावानं रडतोय, आणि मी इथे बटाटे काढतेय!

“आधी काढ ते,” मेरेआना म्हणाली. “हातांवर पाणी घे आणि घरी चल.” तिने फ्रेमला हात घातला.

“हात लावू नकोस!”

कारारैनाने खुर्ची ओढली आणि स्वतःच्या फोटोखाली बसली.

“मेलेल्याला एकटं सोडत नाहीत. आपली रीत आहे.”

“पण तू मेलेली नाहीस!”

“तेच तर कळेनासं झालंय. ज्यानं टांगलं त्यालाच येऊन ठरवू दे.”

ब्रॉन्विन घाबरून चहा घेऊन आली. मेरेआनाने कप अडवला. मेलेल्यांजवळ खाणंपिणं चालत नाही. कारारैनाला तहान लागली होती. ती कपाकडे बघत राहिली. शेवटी मेरेआनाच पुटपुटत, कुरकुरत, दुसरी खुर्ची ओढून तिच्या शेजारी टेकली. प्रेताच्या उशाशी नणंदेनं बसायचं असतं, एवढं मात्र तिला पक्कं ठाऊक होतं.

“त्याचा नंबर आहे ना तुझ्याकडे?” कारारैनाने विचारलं. “लाव.”

ब्रॉन्विनने फोन लावला. “टिपेने, मी प्रदर्शनातून बोलतेय. तुझ्या आईबद्दल...” पलीकडून त्याने तिला पुढे बोलूच दिलं नाही. तिने फोनवर हात ठेवला. “तो ओरडतोय. विचारतोय, आई गेली का? काय सांगू?”

कारारैनाने फोनकडे हात नेला आणि मागे घेतला. सहा वर्षांनी पहिला शब्द कुठला बोलायचा, हे तिला सुचेना.

“सांग त्याला,” ती ब्रॉन्विनला म्हणाली, “झाकण अजून लावलेलं नाही. सावकाश गाडी चालव म्हणावं. या वेळी मी थांबलेय.”