वर्गातली नणंद

पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग कधी गप्प नसतो. कुणाची पाटी पडते, कुणाचं नाक गळतं, कुणी 'मॅडम, ह्यो पाहा नं' म्हणून कोकलतं. म्हणूनच त्या दुपारी रागिणीला जाग आली ती आवाजानं नव्हे, आवाज अजिबात नसल्यानं.

तिचं डोकं टेबलावर होतं. खिचडीनंतरचं हिवाळ्यातलं ऊन खिडकीतून थेट पाठीवर आलं होतं. पाठ कशी गोधडीत असल्यासारखी झाली, एवढंच तिला आठवत होतं. तिनं मान उचलली तर सगळी लेकरं ओठांवर बोट ठेवून तिच्याकडे बघत होती. दाराशी हातात लाकडी पट्टी घेऊन दीपमाला उभी होती.

"झोपा वहिनी," ती कुजबुजली. "मी हाय नं. कुणाला चूं करू देत न्हाई."

दीपमाला दुसरीत होती आणि रागिणीची नणंद होती.

म्हणजे चुलत नणंद. नवऱ्याच्या, शिवहारच्या काकाची सगळ्यांत धाकटी लेक. रागिणीचं माहेर कळमनुरीचं. शिक्षणसेविका म्हणून नेमणूक झाली ती इकडे सेनगाव तालुक्यात, पुसेगावच्याही पुढं, शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या एका लहानशा गावात. वडील म्हणाले, पोरगी एकटी कुठं राहणार? म्हणून सोयरीकही त्याच गावात पाहिली. तसं शाळा आणि सासर एकाच गल्लीच्या दोन टोकांना आलं. या टोकाला ती मॅडम होती, त्या टोकाला सून. आणि त्या घरची रीत अशी की नणंद पाळण्यातली असली तरी तिला नावानं हाक मारायची नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूनं, अनुसयाबाईनं, दीपमालाला पुढं उभं केलं होतं. "ह्या तुझ्या अक्का. पाया पड." मेंदीच्या हातांनी रागिणी वाकली, तेव्हा अक्काच्या हातात अर्धं खाल्लेलं बोर होतं.

रागिणीनं गालावरून हात फिरवला. हिरव्या बांगड्यांच्या कडा गालात रुतल्या होत्या. तोंडाच्या कोपऱ्यातली ओल तिनं पदरानं टिपली आणि जणू काही झालंच नाही अशा आवाजात म्हणाली, "चला, पाट्या काढा."

पाट्या आधीच काढलेल्या होत्या.

शाळा सुटताना मुख्याध्यापक सोमेश्वर सर व्हरांड्यात थांबले होते. तिसरी-चौथी ते घेत. मधे फक्त एक भिंत. "मी येऊन गेलो मघाशी," ते म्हणाले. "दीपमालानं सांगितलं, तुमचं डोकं दुखत होतं."

"हो सर. थोडं."

"चालायचंच," सर हसले. "नवीन लग्न आहे. आम्हीही त्यातून गेलोच की."

ते वाईट हसले नाहीत. तसे ते चांगले गृहस्थ होते. पण रागिणीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सर, तसली झोप नाही हो ती, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण हे सांगायचं कसं? तिनं पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघत घराकडे निघाली.

खरी गोष्ट साधी होती. लग्न होऊन घरात आली तेव्हा अनुसयाबाई म्हणाल्या होत्या, "तुला जमंल तसं कर माय. तुझी नोकरी हाय." सासू असं म्हणते ते ऐकायचं नसतं, हे रागिणीला माहेरीच कळलं होतं. शेजारची नोकरीवाली सून आयतं खाते, हे तिनं ओट्याओट्यावर ऐकलेलं होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात ती सासूच्या आधी उठली आणि चूल पेटवली. दुसऱ्या दिवशी तिला जाग आली तर शेळ्यांच्या वाड्यातून खराट्याचा आवाज येत होता. आत्याबाई उठल्या होत्या! सासूला ती आत्याबाई म्हणे. मग तिसऱ्या दिवशी रागिणी आणखी लवकर. चौथ्या दिवशी खराटा त्याच्याही आधी. असं करत करत आता कोंबडंसुद्धा आरवलेलं नसे आणि या घरात भाकरी थापल्याचा आवाज येई.

"काहून एवढ्या लवकर उठून राहिली?" शिवहार गोधडीतून विचारायचा. "कुणी काही म्हणलं का?"

"न्हाई."

"मग?"

"तुमाला न्हाई कळत ते."

त्याला बोलायचं असायचं. शेळ्यांमागं फिरताना तो तिच्यासाठी खिशात बोरं घेऊन यायचा आणि जेवणं झाल्यावर ती उशाशी ठेवायचा. तिलाही बोलायचं असायचं. पण पाठ टेकली की तिचे डोळे मिटायचे. बोरं तशीच राहायची. सकाळी ती त्यातलं एक तोंडात टाकून पिठाच्या डब्याकडे जायची. गावात मात्र लोक तिच्याकडे बघून वेगळंच हसायचे.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर ती दीपमालापाशी गेली. बाकीची लेकरं बसत होती.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "कालचं घरी सांगू नका हं."

हळूच म्हणाली तरी पहिल्या रांगेनं ऐकलं. मॅडम दीपमालाला अक्का म्हणाल्या! अन् नका म्हणाल्या! दीपमालानं मान एवढी उंच केली की वेणीची रिबीन पाठीला लागली. "न्हाई सांगत," ती म्हणाली. "देवाची शपथ."

दुपारच्या सुट्टीपर्यंत सगळा वर्ग तिला अक्का म्हणायला लागला.

त्यानंतर अक्कानं अभ्यास आणला नाही. "राहिला," एवढंच म्हणे. मधल्या सुट्टीत ती मॅडमच्या खुर्चीवर बसे आणि पहिलीच्या लेकरांना पाणी आणायला लावी. रागिणी हे बघे. तोंड उघडावं म्हणे आणि मिटे. रागावलं तर घरी कळणार. आणि नणंदेला रागवायचं कोणत्या तोंडानं? एखाद्या लहान पोरीला आपण घाबरून राहिलोय, हे मनात आलं की ती फळ्याकडे तोंड करून उगाचच जास्त लिहीत बसे.

एका बुधवारी तिनं फळ्यावर लिहिलं होतं: गवत, बदक, करवत. दुसरीला बेरजा घातल्या होत्या. ऊन पुन्हा खिडकीत आलं. क्षणभरच टेकते, ती स्वतःशी म्हणाली.

जाग आली तेव्हा वर्ग पुन्हा तसाच गप्प होता. पण या वेळची शांतता वेगळी होती. सगळी लेकरं तिच्याकडे नव्हे, खाली बघत होती.

पहिल्या रांगेत आरोही बसली होती. पहिलीतली, सगळ्यांत बारकी. आईबाप ऊसतोडीला गेलेले, म्हणून आजीपाशी राहणारी. तिनं एक हात फ्रॉकखाली दाबून धरला होता. डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती हनुवटी हलत होती. लेकरानं रडणं गिळलं की आधी हनुवटीच हलते.

"काय झालं गं आरोही?"

आरोहीनं दीपमालाकडे बघितलं आणि ओठ आणखी आवळले.

"हात दाखव बाळा."

इवल्याशा मनगटावर पट्टीचा लाल वळ उठला होता.

"ती गप बसत नव्हती," दीपमाला दारातून म्हणाली. आता तिचाही आवाज बारीक झाला होता. "जोरात वरडली. वहिनी, तुमी उठल्या असत्या."

"काय ओरडली?"

मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बदक."

रागिणीला आधी कळलंच नाही. मग तिनं फळ्याकडे बघितलं.

गेला महिनाभर आरोही एकेक अक्षर ओळखायची, पण अक्षरं जोडून शब्द व्हायचा नाही. ब, द, क वेगवेगळे म्हणायची आणि रागिणीच्या तोंडाकडे बघत राहायची. आज ते जुळलं होतं. आपल्या आयुष्यातला पहिला शब्द त्या लेकरानं आपला आपण वाचला, आनंदानं ओरडलं, आणि पट्टी खाल्ली. मॅडम झोपल्या होत्या म्हणून.

रागिणीनं तिला मांडीवर ओढलं. आरोही काठीसारखी ताठ बसली. रडली नाहीच.

संध्याकाळी नर्मदाबाई आल्या. आरोहीची आजी. नात कडेवर, पदर कमरेला खोचलेला. अनुसयाबाई अंगणात शेळीचं दूध काढत होत्या, शिवहार करडांना आत घालत होता, आणि दीपमाला खांबाला टेकून पायानं माती उकरत होती.

"अनुसये," नर्मदाबाई लांबूनच म्हणाल्या, "तुज्या घरात दोन मास्तरणी झाल्या का गं? एक पगारी अन् एक बिनपगारी?"

"काय झालं माय? बस तर खरं."

"बसाया न्हाई आले. हे बघ." त्यांनी आरोहीचा हात पुढं केला. "तुज्या पुतणीनं मारलं. शिकायला धाडलं लेकराला, पट्टी खायाला न्हाई."

अनुसयाबाईंनी दुधाचं भांडं बाजूला ठेवलं आणि दीपमालाला बखोटीला धरून पुढं ओढलं. "काहून मारलं गं? बोल! जीभ गेली का तुजी?"

दीपमालानं एकदाच रागिणीकडे बघितलं आणि मान खाली घातली. तिची हनुवटी हलायला लागली होती.

शपथ घेतली होती तिनं. देवाची.

रागिणी चुलीपुढून उठली. पीठ माखलेले हात तसेच. इतकी लाज तिला लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हाही वाटली नव्हती.

"आत्याबाई, अक्काला मारू नका," ती म्हणाली. "मी झोपले होते."

"कवा?"

"वर्गात. दुपारी. मागंबी एकदा झोपले होते. मीच अक्काला म्हणले, घरी सांगू नका. मला झोप लागावी म्हणून अक्कानं वर्ग गप्प ठेवला. आरोहीनं... आरोहीनं आज पहिल्यांदा वाचलं. मी ऐकलं न्हाई."

नर्मदाबाईंनी तोंडावर पदर घेतला. "अगं बया! रातच्याला झोपू देत न्हाई का गं शिवहार?"

शिवहारनं काखेतलं करडू तसंच धरून वाड्यामागं पळ काढला.

"तोंड सांभाळ नर्मदे!" अनुसयाबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "खरं सांग. तकलीफ हाय का काही? दिवसबिवस गेले का?"

"न्हाई हो. पहाटे उठते न मी. तुमच्या आधी उठायचं म्हणून."

"माज्या आधी?" अनुसयाबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, मी तुज्या आधी उठून राहिले! तू शाळा करायची अन् भाकरीबी थापायची, अन् मी म्हातारी लोळत पडायची? लोक शेण घालतील की तोंडात. तुजं भांडं वाजायच्या आत म्या उठावं म्हणून रात-रात डोळा लागत न्हाई मला."

"असं व्हय!" नर्मदाबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणून तू परवा बांधावर घोरत पडली व्हतीस, अन् तुज्या शेळ्या माज्या हरभऱ्यात! मी म्हणलं, अनुसयेला ताप आला."

अनुसयाबाई लाजल्या. सुनेपुढं सासूला लाजताना रागिणीनं पहिल्यांदाच पाहिलं. मग दोघी म्हाताऱ्या हसायला लागल्या, वाड्यामागून शिवहारचंही हसू आलं. दीपमालानं नाक पुसलं.

रागिणीला हसता येईना. आजीच्या कडेवरून आरोही तिच्याकडे बघत होती आणि तीही हसत नव्हती.

"उद्यापासून," अनुसयाबाई म्हणाल्या, "पयली एसटी गेल्याबिगर कुणी उठायचं न्हाई. कुणीच न्हाई. भाकरी दोघी मिळून करू."

सकाळी सवयीनं रागिणीला अंधारातच जाग आली. खराट्याचा आवाज नव्हता. ती कान देऊन पडून राहिली. शेजारी शिवहार जागा होता, त्यानं न बोलता एक बोर तिच्या हातात ठेवलं. बऱ्याच वेळानं भिंतीपलीकडून दबका आवाज आला.

"निजलीस का गं?"

"व्हय, आत्याबाई."

"मीबी निजलेच हाय."

त्या दिवशी शाळेत शिरताच ती आधी सोमेश्वर सरांकडे गेली. "सर, त्या दिवशी डोकं दुखत नव्हतं. मी झोपले होते. काल पुन्हा झोपले, आणि माझ्यामुळं एका लेकराला मार बसला." सर हसले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "मघाशी नर्मदाबाई येऊन गेल्या. बरं केलंत, तुम्ही सांगितलंत." तिनं वर्गातली खुर्ची उचलली आणि व्हरांड्यात नेऊन ठेवली.

"दीपमाला, अभ्यास दाखव."

दीपमाला चमकली. "वहिनी..."

"घरी तू अक्का. हितं दीपमाला. आणि ती पट्टी इकडं दे."

दीपमालानं पट्टी दिली. थोडी सुटल्यासारखी दिसली ती.

मग रागिणी फळ्याशी गेली. कालचे शब्द पुसले गेले होते. तिनं पुन्हा लिहिलं, बदक. आणि आरोहीपुढं जमिनीवर बसली, तिच्या उंचीला.

"काल मी ऐकलं न्हाई गं. माझी चूक झाली. आज वाचतेस?"

आरोहीनं फळ्याकडे बघितलं. ओठ हलले. आवाज इतका हळू की रागिणीला पुढं वाकावं लागलं.

"मोठ्यानं वाच बाळा. काल वाचलंस तसं."

आरोहीनं दीपमालाकडे पाहिलं. खुर्ची होती त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग रागिणीच्या डोळ्यांत अगदी जवळून, पारखून बघितलं.

"मॅडम," ती कुजबुजली, "आता तुमी जाग्याच हाव का?"

"व्हय," रागिणी म्हणाली.

आरोही थोडा वेळ तशीच बघत राहिली. तिची अजून खात्री पटली नव्हती. मग तिनं वळ उठलेला हात फ्रॉकखाली घेतला आणि कालच्यापेक्षा बरंच हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"बदक."