मागचा डावा पाय

आमच्या मदतनीस विंकोचं नाक मोडलं ते मंगळवारी सकाळी सात वाजता, स्मृतिभ्रंशाच्या वॉर्डातल्या न्हाणीघरात. आदाम आजोबांनी डोकं मागे घेतलं आणि घण घालावा तसं त्याच्या तोंडावर आणलं. रक्त फरशीवर, टबातल्या गरम पाण्यात, माझ्या बाहीवर. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस, पोटच्या मुलीचं नाव आठवत नाही, पण अंगात रेड्याचं बळ. आम्ही चौघं होतो. दोघांनी हात धरले होते, दोघांनी पाय. डावा पाय माझ्याकडे होता आणि मी तो सोडला नाही. सोडणाऱ्यातली मी नाही.

टबातून काढून टॉवेल गुंडाळताना त्यांनी माझ्या मनगटाचा लचका तोडला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांच्या थोबाडीत दिली, सणसणीत. कोणी पाहिलं नाही, सगळे विंकोभोवती जमले होते. पाहिलं ते फक्त आजोबांनी, आणि ते तर पाच मिनिटांत सगळं विसरतात, असं मी स्वतःला बजावलं. तरी हात दिवसभर चुरचुरत होता.

चपलांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. लेकीच्या वयाच्या पोरींबरोबर बाकावर बसून नर्सिंग शिकले. त्या मला 'ल्येर्का मावशी' म्हणून चिडवायच्या, पण शरीरशास्त्राच्या परीक्षेत माझ्याच वहीत डोकावायच्या. आता विस्मरणाच्या रुग्णांची खास नर्स व्हायचं तर एकच परीक्षा उरली होती. एक रुग्ण निवडायचा, त्याची काळजी कशी घेतली ते समितीपुढे दाखवायचं. मी आदाम आजोबांना निवडलं. सगळ्या म्हणाल्या, खिडकीशी विणत बसणारी एखादी म्हातारी घे, कशाला आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतेस?

पण या माणसाला मी लहानपणापासून ओळखत होते. आमच्या पंचक्रोशीत चाळीस वर्षं घरोघरी हिवाळ्याच्या बेगमीचं, नोव्हेंबरातलं डुक्कर कापायला तेच यायचे. त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे, उस्ताद म्हणायचे. सुरी एकदाच चालायची, जनावराला फार ओरडू द्यायचे नाहीत. काम झालं की डुकराचं मूत्राशय धुऊन, फुगवून आम्हा पोरांना खेळायला द्यायचे. माझा पहिला चेंडू तोच.

नाकाचं प्रकरण झाल्यावर ब्लाझेंकानं मला ऑफिसात बोलावलं. ती आमची मुख्य परिचारिका, तिशीपासून याच वॉर्डात. तिनं टेबलावर कागद ठेवला होता. शुक्रवारी आजोबांना शहरातल्या कुलूपबंद मनोरुग्णालयात हलवायचं. तिथे काय करतात ते आम्हाला ठाऊक होतं. हातपाय पलंगाला बांधतात, सुई टोचून निजवतात, आणि हिवाळा संपायच्या आत माणूस संपतो. मी हुज्जत घातली. ती म्हणाली, तुझ्या परीक्षेपायी मी माझ्या माणसांची नाकं मोडून घेऊ का? तिचं काही चुकत नव्हतं. शेवटी ती एवढ्यावर आली की शुक्रवारची आंघोळ मी घालायची, आणि कोणाला एक ओरखडा जरी आला तरी गाडी बोलवायची.

दारातून मला हाक मारून ती वर म्हणाली, "आणि मागचा पाय घट्ट धर. शेतकऱ्याची पोर आहेस ना?"

बाहेर सगळे हसले. मीही हसले. वॉर्डात ही थट्टा रोजचीच होती. आजोबांची आंघोळ निघाली की कोणीतरी म्हणायचंच, चला, बाह्या सरसावा, नोव्हेंबर आला.

गुरुवारी माझी सुट्टी होती. भावाकडे, पावोकडे, डुक्कर कापायचं होतं. पहाटेचं धुकं, अंगणात लाकडी डोणी, तिच्यात डुकराचे केस खरवडायला उकळतं पाणी. धरायला माणूस कमी पडला म्हणून मागचा डावा पाय माझ्याकडे आला. कापणारा नवा पोरगा होता. त्याचा पहिला वार चुकला, सुरी खांद्यात रुतली. जनावर असं किंचाळलं की शेजारची कुत्रीसुद्धा गप्प झाली. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. सगळे ओरडत होते, धरा, धरून ठेवा.

आणि तो पाय माझ्या मुठीत हलला. आधी आत ओढला गेला, मग क्षणभर निपचित पडला, मग लाथ. हे मला पाठ होतं. मंगळवारी माझ्या याच मुठीत हे असंच झालं होतं. मनगटावरचा चावा उलला आणि पट्टी भिजली. मी मान वर करून पाहिलं. दोघं पुढे, दोघं मागे, शेजारी वाफाळतं पाणी. बाई गं, काय केलं आम्ही! त्या माणसाचं सगळं पुसलं गेलं होतं, पण चौघांनी चार पाय धरले आणि बाजूला वाफ निघाली की पुढे काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक?

माझा हात सुटला. जनावर उसळलं, पावोला आडवं केलं, रक्त सांडत कुंपणापर्यंत गेलं आणि तिथे कोसळलं. पावो चिखलातून उठला तो शिव्या देतच. एवढं शिकलीस आणि साधा पाय धरता येईना? मी त्याला सांगितलं की आम्ही एका माणसाला आठवड्यातून दोनदा आंघोळीला असंच धरतो, आदाम उस्तादला. पावोच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. त्यानं छातीवर क्रूस काढला आणि टोपी उतरवली.

शुक्रवारी धरायला आलेल्या बाकीच्या तिघांना मी बाहेर थांबवलं. टब कोरडा ठेवला, वर चादर टाकली. घरून आणलेला एप्रन बांधला, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात कोमट पाण्याचा जग घेतला, पायाशी घमेलं ठेवलं. फाटकाशी आई उस्तादपुढे अशीच उभी राहायची. ब्लाझेंका दारात होती, कागद हातात.

"या उस्ताद," मी म्हटलं. "हात धुऊन घ्या."

त्यांनी आधी कोपरे पाहिले, बाकीचे कुठे लपलेत ते. मग एका झेपेत मला भिंतीवर आपटलं. बोटं गळ्याभोवती आणि अंगठा नेमक्या जागी. ती जागा ते विसरले नव्हते. डोळ्यांपुढे काजवे चमकले. ब्लाझेंका पुढे धावली. मी एका हातानं तिला थांबवलं आणि दुसऱ्या हातानं जग कलता केला. पाणी त्यांच्या मनगटावरून वाहिलं.

अंगठा सैल पडला. त्यांनी खाली पाहिलं, ओंजळ केली. मी ओतत राहिले. मग त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, सदरा स्वतः काढला, मान धुतली, छाती धुतली. पाऊण तास लागला. पाठ मी पुसली आणि ते गुमान वाकून उभे राहिले. मी खोकत होते आणि रडतही होते, खोटं कशाला बोलू?

ब्लाझेंकानं माझ्या गळ्यावरचे वळ पाहिले. कागदाची घडी घालून तिनं खिशात टाकली.

"रुमाल बांध गळ्याला," ती म्हणाली. "मी काही पाहिलं नाही."

ती गेली. आजोबांनी विचारलं, आज किती कापायची आहेत? मी म्हटलं, एकही नाही उस्ताद, आज सुट्टी. त्यांना ते पटलं असावं. ते स्टुलावर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी माझा पट्टीचा हात हातात घेतला आणि उलटा करून पाहिला.

"मला धरलं होतं," ते म्हणाले. "चौघं होते."

त्यांनी पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"मागच्या डाव्या पायाला तू होतीस. बाकीच्यांचे हात सुटत होते. तू सोडलं नाहीस."

"हो, उस्ताद," मी म्हटलं. "मीच होते."

त्यांनी मान हलवली आणि हात पुन्हा पुढे केले. जगमध्ये थोडं पाणी उरलं होतं, ते मी ओतलं.