सावकार कुठे बसतो?

"तुमच्या नावावर इथे एक रुपयासुद्धा बाकी नाही, अम्मा," काउंटरपलीकडची मुलगी म्हणाली आणि समोर ठेवलेल्या नारळाकडे जरा संशयानंच बघू लागली.

"नीट बघ," पद्मावतीबाई म्हणाल्या. "तुमच्याच कार्डावर घेतलेत मी. स्वल्प-बिल्प नाहीत, चांगले पावणेदोन लाख."

"ते सगळे आले आम्हाला. दुसऱ्या बँकेनं भरले."

"त्यांनी का भरले?"

त्या मुलीला आजवर हा प्रश्न कुणी विचारला नसावा. तिनं एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा पद्मावतीबाईंच्या मागे वाढत चाललेल्या रांगेकडे पाहिलं आणि गोड आवाजात अभिनंदन केलं. पद्मावतीबाईंनी नारळ, पानं आणि सुपारी परत पिशवीत घातली आणि जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातल्या गर्दीत येऊन उभ्या राहिल्या. आपलं कर्ज कुणीतरी फेडलं, आणि ज्यानं फेडलं त्याचं तोंडही आपण पाहिलेलं नाही, ही गोष्ट काही त्यांना पटेना.

बाईंची चौकसबुद्धी मोठी. सारी नोकरी त्यांनी ट्रंक एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून काढली. बेंगळूरहून बेळगाव, बेळगावहून सांगली, कुणाचा तरी कुणाशी तरी दुवा जोडून द्यायचा. त्या कामातून एकच गोष्ट त्यांच्या हाडीमाशी मुरली होती. तार कितीही लांब असो, दुसऱ्या टोकाला माणूस असतोच. तो उचलत नसेल, झोपला असेल, बायकोशी भांडत असेल, पण असतो. निवृत्तीनंतर एक्स्चेंज गेलं, ही खोड मात्र राहिली. जित्याची खोड ती.

नारळाचं कारण असं की गुरुवारी त्यांची काशीची गाडी होती. गल्लीतल्या सात-आठ बायका मिळून निघाल्या होत्या. आणि त्यांच्या सासरी एक रीत होती. ऋण डोक्यावर घेऊन काशीला जाऊ नये, जायचंच झालं तर सावकाराची परवानगी घेऊन जावं. सासरे भीमाचार्य धाकट्या मुलीच्या लग्नात शेट्टींच्या पेढीकडून पैसे घेऊन बसले होते. काशीला निघताना ते नारळ घेऊन शेट्टींच्या दुकानात गेले, तेव्हा नवी सून म्हणून पद्मावतीबाईही मागे उभ्या होत्या. शेट्टींनी गादीवरून उठून नारळ घेतला आणि म्हणाले, "होगी बन्नी, आचार्रे." जाऊन या. एवढंच. पण सासरे जे ताठ मानेनं बाहेर पडले, ते त्या कधी विसरल्या नाहीत.

आता हे कर्ज कसलं, तर बाईंच्या यजमानांच्या, रघुनंदनरावांच्या कानांचं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात प्रेसमशीनच्या ठोक्यांत त्यांचे कान गेले. म्हातारपणी अगदीच ऐकू येईना, तेव्हा बाईंनी हट्टानं कार्डावर दोन्ही कानांची यंत्रं घेतली. यंत्रं लावल्यावर पहिल्या दिवशी ते म्हणाले, "तू एवढं बोलतेस हे मला ठाऊकच नव्हतं." मग मठात प्रवचनाला जाऊ लागले, तिथे काशीचं वर्णन ऐकलं आणि काशीचं वेड घेतलं. तिकिटंही काढली. त्याच आठवड्यात कार्डाचं बिल आलं. थोडे थोडे भरत होते तरी व्याज मारुतीच्या शेपटासारखं वाढलेलं. त्यांनी तिकिटं रद्द केली.

"सावकाराला विचारून जाऊ ना," बाई म्हणाल्या होत्या.

"कुठाय सावकार? हे कार्ड आहे. ह्याला काय विचारू? माझ्या कानांपायी झालेलं ऋण, आधी फेडू. मग जाऊ."

फिटायच्या आत मार्गशीर्षात रघुनंदनराव गेले. काशी राहिली ती राहिलीच.

घरी आल्यावर बाईंनी भाच्याला फोन लावला. भाचा अपूर्व अशा कामांत हुशार. गेल्या वर्षी त्यानंच काहीतरी करून हप्ता कमी करून दिला होता.

"आत्या, त्याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. जुन्या कार्डाचं व्याज फार होतं. नव्या बँकेनं तुझी बाकी भरून टाकली आणि स्वतःच्या कार्डावर घेतली. आता कमी व्याजानं त्यांचे हप्ते जातात."

"म्हणजे याची टोपी त्याला."

"हो, पण ही टोपी स्वस्त आहे."

"सरी, ठीक आहे. पण तो नवा कोण? त्याला माझं काय पडलंय?"

"कोणी नसतो ग. सिस्टिम असते."

"सिस्टिमच्या मागे माणूस असतो, अपूर्वा. मी सारा जन्म तिथेच बसले होते."

अपूर्व हसला. मग म्हणाला, "एवढंच मनाला लागत असेल तर ठेव मोड, फेडून टाक आणि जा."

"ती माझ्या दुखण्याखुपण्याची आहे. मोडली की उद्या तुझ्या दारात."

"ये की."

"येईन. पण हात पसरून येणार नाही."

"मग अशीच जा. कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," बाई म्हणाल्या. "आणि परवानगी नाही मिळाली तर मीसुद्धा जाणार नाही. हे गेले नाहीत, मी कोण मोठी लागून गेले?"

अपूर्वनं नव्या बँकेचा पत्ता दिला. जयनगरात शाखा नव्हती, ऑफिस बेळ्ळंदूरला. दुसऱ्या दिवशी जेवण आटोपून बाई निघाल्या. सिल्क बोर्डला बस बदलली, रिंगरोडच्या कोंडीत यथेच्छ डुलकी काढली आणि उतरल्या तेव्हा समोर आकाशात घुसलेली काचेची इमारत. फाटकावर एक वयस्क पहारेकरी होता, शर्टावर देवाप्पा असं नाव.

"कुणाला भेटायचंय, अम्मा?" त्यानं कन्नडमध्ये विचारलं.

"सावकाराला," बाई म्हणाल्या आणि सगळी कथा सांगितली. कानाची यंत्रं, रद्द झालेली तिकिटं, मार्गशीर्ष, सगळं. देवाप्पा विजापूरकडचा. परवानगीची गोष्ट त्याला समजावून सांगावी लागली नाही. उन्हात उभ्या म्हातारीला त्यानं आपली खुर्ची दिली आणि आत फोन लावला. एका जागी कुणी उचलेना, दुसरीकडे म्हणाले भेटीची वेळ घेतली आहे का, तिसरीकडे नुसतं संगीत वाजत राहिलं.

बाईंना राहवेना. "असं नका विचारू. वसुलीवाल्यांना लावा. म्हणावं, एक बाई देण्याचं बोलायला आपल्या पायानं आल्यात."

खरंच, पाच मिनिटांत एक तिशी-पस्तिशीची बाई धावत खाली आली. गळ्यात ओळखपत्र, कानावरचा हेडफोन तसाच मानेत अडकलेला. तो पाहूनच पद्मावतीबाईंना बरं वाटलं. नाव महानंदा, गाव निपाणीजवळ. कोल्हापूर-सांगलीकडच्या लोकांना मराठीत फोन करून हप्त्यांची आठवण द्यायची, हे तिचं काम.

"काय झालं वो अक्का? कोण वाईट बोललं काय फोनवर?"

"कोण काही बोललं नाही. मी काशीला निघालेय. तुमचं देणं आहे माझ्याकडे. जाऊ का, विचारायला आले."

महानंदा आधी हसली. मग बाईंच्या मांडीवरच्या पिशवीतला नारळ तिला दिसला आणि तिचं हसू मावळलं.

"आमच्या आजीनंबी असंच विचारलं हुतं, पंढरप्पा सावकाराला," ती म्हणाली. "पण अक्का, मी कशी हो म्हणू? मी कंत्राटावर हाय. माझा पगारसुदिक तिसरीच कंपनी देती."

"मग साहेबांना बोलाव."

"साहेबबी नोकरच की वो."

"मालक?"

"मालक असा एक न्हाई. शेअरवाले असत्यात. कोण मुंबईत, कोण परदेशात."

बाईंना दमल्यासारखं झालं. इतका दूरवरचा जोड लावायचा आणि पलीकडे कुणीच नाही? पण त्या ऑपरेटर होत्या. सरळ लाइन मिळाली नाही की दुसऱ्या गावावरून फिरवून घ्यायची, हे त्यांना ठाऊक होतं.

"बरं, एक सांग. मला दिले ते पैसे बँकेनं आणले कुठून?"

"आणणार कुठलं? लोक ठेवत्यात, त्यातलंच देती बँक."

"कुठले लोक?"

"कुणीबी वो. ज्यांचं ज्यांचं खातं हाय ते सगळे."

"तुझं आहे?"

"माझं दुसऱ्या बँकेत हाय." महानंदानं डोकं खाजवलं आणि वळून विचारलं, "देवाप्पा मामा, तुमचं खातं कुठं?"

"इथलंच," देवाप्पा म्हणाला. "आम्हा सगळ्या पहारेकऱ्यांचा पगार ह्याच बँकेत पडतो. थोडे साठवलेतसुद्धा. लेकीचं बाळंतपण आलंय."

पद्मावतीबाई ताडकन उठल्या. इतका वेळ त्या सावकाराच्या खुर्चीत बसल्या होत्या, आणि सावकार उन्हात उभा होता.

त्यांनी पदर सारखा केला. पिशवीतून नारळ काढला, त्यावर पानं-सुपारी ठेवली आणि दोन्ही हातांनी देवाप्पापुढे धरला.

"अण्णा, तुमचं देणं अजून फिटलेलं नाही. हप्ता चुकवणार नाही. गुरुवारी काशीला जावं म्हणते. जाऊ का?"

देवाप्पा दोन पावलं मागे सरला. "अम्मा, मी गेटवरचा माणूस. तुम्हाला आत सोडायचा अधिकार नाही मला, काशीला कुठला सोडू?"

"पैसे तुमचे आहेत ना त्यात?"

"आहेत. थोडे."

"मग थोड्याची द्या परवानगी. थोड्याला माझी हरकत नाही."

"म्हणा की मामा," महानंदा हळूच म्हणाली.

देवाप्पानं हात पँटला पुसले आणि नारळ घेतला. मग गावाकडे जसं म्हणतात तसं, सावकाश म्हणाला, "पैसे कुठं पळून जातात, अम्मा? होगी बन्नी."

गंगेत घोडं न्हालं. आता खरं तर बाईंना हलकं वाटायला हवं होतं. पण झालं उलटंच. त्यांना स्वतःचाच संताप आला. एवढंच होतं तर. एक नारळ घ्यायचा, एक बस बदलायची आणि विचारायचं. तेव्हा हे म्हणाले, कुठाय सावकार, आणि जन्मभर लोकांना जोडून देणारी आपण गप्प बसलो. शोधला नाही. असता तर सापडला असता, आणि होता. हा इथेच होता.

महानंदानं त्यांचा दंड धरला. "बसा अक्का जरा."

"नको." बाईंनी डोळे पुसले. "अण्णा, अजून एकदा म्हणाल? आमच्या ह्यांच्यासाठी. तेही ह्याच परवानगीसाठी थांबले होते."

फाटकाशी एक गाडी येऊन उभी राहिली होती. आतला माणूस हॉर्न वाजवत होता. देवाप्पानं तळहात दाखवून त्याला थांबवलं. मग नारळ छातीशी धरून तो बाईंच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे वळला.

"जरा मोठ्यानं म्हणा," पद्मावतीबाई म्हणाल्या. "त्यांना कमी ऐकू येतं."

देवाप्पानं टोपी सरळ केली आणि हॉर्नच्या वर आवाज चढवून म्हणाला, "होगी बन्नी, स्वामी."

मग त्यानं फाटक उघडलं.